दहिसरच्या पुढे काच नाही म्हणे!

वाडीवाला_वसई

'फोर्टपायी' यांचा मुंबईच्या चर्चमधल्या रंगीत काचांवरचा लेख वाचला. फोटो उत्तम, माहितीही बरीच. शेवटच्या परिच्छेदात मात्र साहेब घसरले. म्हणणं थोडक्यात असं: बघण्याजोगी काच कुलाब्यापासून भायखळ्यापर्यंत. त्यापुढे उपनगरांत आणि वसईत जे लावलंय ते काचेवर छापलेलं फ्लेक्स, वारसा म्हणून त्याचे लाड करू नयेत. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली आहे. तिथे माझं कोण वाचणार, म्हणून वेगळा धागा.

कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या काचा अप्रतिम आहेत, वादच नाही. न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या कारखान्यात घडल्या आणि इंग्लंडातून इथे आल्या. चर्च 1858 साली खुलं झालं, 1838 ते 1842 च्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आजही दिसतात. आमचे पूर्वज तेव्हा पानवेली आणि केळी लावत होते, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आपल्या गावच्या देवळात जात होते (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो). त्या काचेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

आणि आमची देवळं त्या चर्चपेक्षा कितीतरी जुनी, काहींची स्थापना सोळाव्या शतकातली. ती पोर्तुगीज वळणाची. त्या वळणात सगळा थाट वेदीचा: कोरीव लाकूड, सोन्याचा मुलामा, आणि तो झळकायला स्वच्छ पांढरा उजेड. खिडकी रंगवायची हौस इंग्रजांच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, बांधकामाबरोबर आली. जे आमच्याकडे कधी नव्हतंच ते जुनं नाही म्हणून नाक मुरडायचं, ही कुठली रसिकता?

आता आमच्या गावच्या 'फ्लेक्स'बद्दल. आमच्या देवळात उजव्या हाताला संत गोन्सालो गार्सियाची खिडकी आहे. वसईत जन्मलेला, 1597 साली नागासाकीत क्रुसावर मारला गेलेला, 1862 साली संत झालेला. खिडकीत त्याच्या पायाशी होडी आहे, मागे माडाची वाडी, आणि कोपऱ्यात लाल लुगड्यातल्या दोन बाया. खाली माझ्या आजीचं नाव, कारण खिडकीचे पैसे आमच्या घराने दिले. चेहऱ्याचं रेखाटन सुमार आहे, नाक जरा जास्तच लांब झालंय. पण आख्ख्या दक्षिण मुंबईत लाल लुगड्यातली बाई काचेत दाखवा, मी लेखकाला सुकेळी (आमच्याकडची सुकवलेली केळी) खाऊ घालतो.

फोर्टपायी

मी वसईकरांना हिणवलेलं नाही, काचेला हिणवलंय. हा फरक कळत असेल तर पुढे वाचा.

खऱ्या कामात रंग काचेच्या अंगात असतो. कोबाल्टने निळा, तांब्याने किंवा सोन्याने लाल. नाकडोळे काढायला लोहाचा ऑक्साइड आणि काचेची पूड यांचं मिश्रण, ते 600 अंशांच्या वर भट्टीत भाजून काचेशी एकजीव करतात. पिवळ्यासाठी चांदीचा क्षार. हे शतकानुशतकं टिकतं. छापील काचेचं काय होतं? अंधेरीच्या पुढे एका चर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीवरचा येशू मी पाहिला. लाल आणि पिवळी शाई उन्हाने उडाली, उरली निळी. देवाचा चेहरा गारठून काळानिळा पडलाय आणि खाली देणगीदाराचं नाव मात्र ठसठशीत! यालाही रसिकतेने बघायचं का?

दक्षिण मुंबई म्हणजे फक्त चर्च असंही मी म्हटलेलं नाही. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची गोल खिडकी आहे. फोर्टातल्या 1884 च्या सिनेगॉगमध्येही, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही, रंगीत काचा आहेत. प्रश्न धर्माचा नाही, कारागिरीचा आहे. आजीच्या नावाने कारागिरी सुधारत नाही.

वाडीवाला_वसई

आजीला मध्ये आणायचं काम नाही.

फोर्टपायी

तुम्हीच आणलीत.

शिसेवाला

या कामात माझी हयात गेली, म्हणून दोघांनाही चार शब्द.

फोर्टपायी, भाजणीचं बरोबर बोललात, पण नवं म्हणजे छापील हे कुठून काढलंत? आजही भट्टीत भाजून, शिशाच्या पट्टीत बसवून, सांध्यांना डाग देऊन काम करणारी माणसं आहेत. परवडत नाही म्हणून चर्चवाले त्यांच्याकडे जात नाहीत, ते वेगळं. वाडीवाले, तुमच्या खिडकीतल्या चेहऱ्याच्या रेघेवरून आतल्या बाजूने नख फिरवा. रेघ पावडरीसारखी बोटाला लागली तर भाजणी कच्ची. गुळगुळीत फिल्म लागली तर फोर्टपायींचा मुद्दा खरा. काहीच लागलं नाही तर बिनधास्त भांडा.

आणि जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांसाठी: एका जुन्या चर्चमध्ये ठेकेदाराने काचा 'स्वच्छ' करायला अ‍ॅसिड वापरलं. मी पोचलो तेव्हा काचा लखलखत होत्या आणि एका देवदूताला डोळे नव्हते. झग्याच्या चुण्या अर्ध्या गायब. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बारीक कुंचल्याने काढलेलं ते, एका दुपारीत गटारात गेलं. तेव्हा वारशाचे लाड कोण करत होतं?

मांडवीकाठची

गोव्यातून एक भर. आमच्या जुन्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये खिडक्यांना काच नाही, शिंपले आहेत. चपटे, अर्धपारदर्शक, लाकडी चौकटीच्या बारीक चौकोनांत सरकवलेले. आत येणारा उजेड दुधट असतो, ऊन टोचत नाही. त्यापुढे तुमची निळी-तांबडी काच मला तरी भडक वाटते. आता तो शिंपला वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे एक शिंपला फुटला की लोक तिथे ॲक्रिलिकचा तुकडा ठोकतात. त्यावर कुणी धागा काढत नाही, कारण त्यात रंग नाही, फोटोत काही दिसत नाही.

जिज्ञासू_ठाणे

काच शेकडो वर्षांत हळूहळू खाली ओघळते, म्हणून जुन्या काचा तळाशी जाड असतात असं ऐकलंय. मग त्या वाचवणार तरी कशा?

शिसेवाला

ओघळत नाही हो. जुनी काच फुंकून बनवायचे, ती मुळातच कमीजास्त जाडीची. खिडकीला पोट सुटलेलं दिसतं ते शिसं थकल्यामुळे. पश्चिमेचं ऊन, पावसाचा मारा, आणि आडव्या गजाला बांधलेली तांब्याची तार तुटलेली. दोष शिशाचा, बदनामी काचेची.

सह्यकडा

एवढा ऊहापोह कशासाठी? अफगाण चर्च म्हणजे आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी आपल्याच पैशाने बांधलेलं त्यांच्या पराभवाचं स्मारक. त्या काचा उतरवून संग्रहालयात ठेवा. परक्यांच्या खुणा आपला वारसा होऊ शकत नाहीत. आणि वसईकरांनी पोर्तुगीज वळणाचा अभिमान सांगू नये, त्या वळणापायी काय काय झालं तेही सांगावं.

वाडीवाला_वसई

वा! परक्यांच्या खुणा नकोत ना? मग सुरुवात घंटांपासून करू. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि आमच्या चर्चच्या घंटा देवळादेवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, जाऊन बघा. त्या पण संग्रहालयात?

सह्यकडा

ती विजयचिन्हं आहेत. रक्त सांडून मिळवलेली. काचेच्या खिडकीशी तुलनाच होऊ शकत नाही.

वाडीवाला_वसई

म्हणजे जिंकून आणलेली परकी वस्तू आपली, आणि इथेच राहिलेली परकी. छान न्याय आहे.

वाईकर_घाटावरचा

मेणवलीचं नाव निघालं म्हणून लिहितो. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही कृष्णेत डुंबायचो आणि त्या घंटेखाली ओले उभे राहायचो. आजोबा सांगायचे, नाना फडणवीसांकडे आली ही घंटा. तिच्यावरची मेरी कुणी कधी लपवली नाही, आम्ही पोरं तिला हात लावून बघायचो, कुणी ओरडायचं नाही. आता शूटिंगवाले येतात, वाट्टेल तशी ठोकतात. त्यावर बोला आधी.

सह्यकडा

वसई घेण्यासाठी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, तिचं देऊळ त्यातून उभं राहिलं. तो इतिहास कुणी सांगायचा नाही, फक्त घंटांची रडगाणी.

वाडीवाला_वसई

रडगाणं कोण गातंय? वज्रेश्वरी आमच्याच तालुक्याच्या शेजारी, जत्रेला आम्हीही जायचो. घंटा परत द्या असं मी म्हटलेलं नाही. वाजू देत की तिथे, वाजतायत हेच बरं. पण ज्याच्या दारात मेरीची घंटा टांगली आहे त्याने मला 'परक्या खुणा' शिकवू नयेत. आमची मिस्सा मराठीत होते, कोकणपट्टीत आम्ही तुमच्याइतकेच जुने. राष्ट्रीयत्वाचा दाखला मागायचा असेल तर तहसीलमध्ये जा.

सह्यकडा

लगेच बळी व्हायचं. ठरलेलं आहे.

जिज्ञासू_ठाणे

भीमाशंकरची घंटा मोठी की मेणवलीची?

संपादक

घंटांसाठी वेगळा धागा काढा. इथे खिडक्यांवर बोला. वैयक्तिक शेरे उडवले जातील.

मांडवीकाठची

वेगळा धागा कोणी काढणार नाही, पैज.

फोर्टपायी

सह्यकडा यांच्या बाजूने मला कृपया मोजू नका. अफगाण चर्चची काच उतरवून संग्रहालयात ठेवली तर तिला पाठीमागून ट्यूबलाइट लावणार का? ती खिडकी त्या भिंतीत, त्या उन्हात आहे म्हणून ती खिडकी आहे.

वाडीवाले, विषयाबाबत तुमचं बरोबर आहे. लाल लुगडं, वाडी, होडी हे दक्षिण मुंबईच्या एकाही काचेत मला आठवत नाही. एवढं कबूल. पण विषय चांगला म्हणून काम चांगलं होत नाही, आणि लांब नाक तुम्हीच कबूल केलंत. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी दादरचं साल्व्हेशन चर्च 1970 च्या दशकात बांधलं, तेही इथलंच, नवं, आणि तिथे नाक लांब झालेलं नाही.

वाडीवाला_वसई

दादर तुमच्या भायखळ्याच्या पुढे येतं हो. म्हणजे तुमची सीमा तुम्हीच ओलांडलीत, अभिनंदन. उरलेला रस्ता विरार लोकलने होतो.

आणि गावच्या देवळाला कोरियांसारखे वास्तुविशारद मिळत नाहीत. बागायती विकून उरलेल्या पैशात, कलेक्शनच्या थाळीत, जो कारागीर येईल त्याच्याकडून होतं. वेल्सच्या काचांचं बिल माझ्या आजीने भरलं नव्हतं, या खिडकीचं भरलंय.

शिसेवाला

नखाचं काय झालं? केलं का?

वाडीवाला_वसई

केलं. रेघेला काही लागलं नाही. लाल लुगड्याच्या एका तुकड्यावर मात्र फिल्म आहे, कोपरा सुटलाय. बहुतेक मूळची काच फुटली असावी आणि मग कुणीतरी चिकटवलं.

फोर्टपायी

म्हणजे फ्लेक्स निघालंच, हातभर का होईना.

शिसेवाला

हातभर फ्लेक्स म्हणजे एक तुकडा बदलायचं काम, खिडकी मोडीत काढायचं नाही. लाल काच मिळते, महाग मिळते. बाहेरून पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा, पत्रा लावलाय का ते सांगा. लावला असेल आणि चारी बाजू सिलिकॉनने बंद केल्या असतील तर पहिल्यांदा त्या उघडा. आत उष्णता कोंडते, दव साचतं, शिसं वाकतं. खाली-वर दोन बोटं फट ठेवली की पुरे, आतून जाळी लावा म्हणजे पाखरं येणार नाहीत.

वाडीवाला_वसई

चारी बाजू बंद आहेत. पावसाचं पाणी वेदीवर येतं म्हणून गेल्या समितीने केलं. फादरना रविवारी मिस्सेनंतर सांगतो. फोर्टपायी, तुम्हीही या. सुकेळी मिळणार नाही, हरलेला नाही मी, पण चहा मिळेल.

फोर्टपायी

येईन. कॅमेरा आणतो. नाकाचा फोटो काढणार.

सह्यकडा

आणि घंटेच्या मुद्द्याला उत्तर न देता सगळे चहाला निघाले.

वाईकर_घाटावरचा

उत्तर राहू दे. शूटिंगवाल्यांची तक्रार कुणाकडे करायची ते सांगा.