प्रतिसाद: पीएचपीचं उत्तर न दिसता कोडच दिसतो

ऐरोलीच्या ताई, बारावी आयटीच्या प्रॅक्टिकलला मुलाला उत्तराऐवजी कोडच दिसतो म्हणालात. तो फाइल डबल-क्लिक करून उघडत असणार. पीएचपी ही वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा ब्राउझरला कळत नाही, ती सर्व्हरवर, म्हणजे पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामकडे चालते. झॅम्प (XAMPP) या सॉफ्टवेअरमध्ये अपाचे हा सर्व्हर सुरू करा, फाइल झॅम्पच्या एचटीडॉक्स (htdocs) फोल्डरात ठेवा आणि ॲड्रेस बारमध्ये लोकलहोस्ट (localhost), तिरपी रेघ (/), फाइलचं नाव असं टाइप करा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायचं, नाहीतर शेवटी गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटतं. (निम्मी डोकेदुखी तिथेच!) अपाचे सुरूच होत नसेल तर पोर्ट ८० (अपाचे वापरतो तो जोडणीचा क्रमांक) बहुधा दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेला असतो; अपाचेच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘लिसन’ (Listen) पुढे ८० ऐवजी ८०८० करा, पत्त्यातही लोकलहोस्टपुढे कोलन (:) देऊन ८०८० लिहा. आणि व्हेरिएबलच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरं तंतोतंत जुळायला हवीत.