लेव्हल ४२ आणि तो पाहुणा गिटारवाला : तुम्हाला कुठल्या क्रमाने भेटले?

फोंडेकर

मंडळी, परवा माळ्यावरची पेटी खाली काढली. दोन पावसाळ्यांची ओल खाऊन अर्ध्या कॅसेटींना बुरशी चढलेली. त्यातली एक वाचली, टीडीकेची नव्वद मिनिटांची. वर माझ्याच अक्षरात 'ले. ४२, दोन्ही बाजू', म्हणजे लेव्हल ४२ हा इंग्लंडमधला बँड. एका बाजूला १९८७चा 'रनिंग इन द फॅमिली', दुसरीला १९८८चा 'स्टेअरिंग ॲट द सन'. भरून देणाऱ्याने नावं लिहिली नव्हती, म्हणून कित्येक वर्षं मला तो एकच अल्बम वाटायचा. बाजू पलटली की ड्रमचा हात बदलतो, गिटार बदलते, हे कानाला कळायचं. पण का, ते सांगणार कोण? त्या दोन बाजूंच्या मधे अर्धा बँडच बदलला होता. फिल आणि बून हे गूल्ड बंधू बाहेर पडले, ड्रमवर गॅरी हजबंड आला आणि गिटारवर ॲलन मर्फी.

मर्फीचे तुकडे मी घासून घासून बसवत होतो, तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. १९८९च्या ऑक्टोबरात गेला, एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने. मला कळलं ते १९९१च्या पावसाळ्यात, कुणाच्या तरी बोटीवरून आलेल्या फाटक्या मासिकात. मग त्याच्या जागी १९९१च्या 'गॅरंटीड' अल्बमसाठी पाहुणा म्हणून आलेला ॲलन होल्ड्सवर्थ मी ऐकला १९९४ साली, आणि त्याच वर्षी बँड मोडला.

आपल्याकडे सगळं असंच यायचं, उलटंसुलटं. तुमचं कसं आलं ते लिहा. होल्ड्सवर्थला बोलावणं बरोबर होतं का, यावर भांडलात तरी चालेल.

वास्कोचा तारवटी

भांडण नंतर, आधी माझी फजिती. १९९१ला रॉटरडॅमला बोट लागली तेव्हा 'गॅरंटीड' कोरी घेतली. रात्रपाळी संपवून केबिनमधे ऐकली आणि ती गिटार ऐकून उठून बसलो. कव्हरवरच्या फोटोत एक नवा चेहरा होता. म्हटलं, हाच तो! सुट्टीवर आलो तेव्हा सगळ्या वाड्याला दाखवला, 'हा बघा होल्ड्सवर्थ'. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की तो जॅको जॅक्झिक. अल्बम झाल्यावर बँडमधे आला, म्हणून फोटोत. अल्बमवर त्याने वाजवलेलंच नाही. ज्याने वाजवलं तो फोटोत नाही. वाड्यावर अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.

मडगावचा बास

तुम्ही गिटार गिटार करताय, माझा जन्म बँडच्या बासवाल्या मार्क किंगच्या अंगठ्यात गेला. आम्ही लग्नात वाजवायचो, बँडमधे मी एकटा मराठी घरातला. 'लेसन्स इन लव्ह' बसवायला घेतलं आणि आठ दिवसांत अंगठ्याला चवलीएवढा फोड.

लोकांना वाटतं अंगठा जोरात आपटला की झालं. तसं नाही. अंगठ्याने तार फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्टीवर, आपटायची, तर्जनीने दुसरी तार ओढून सोडायची, आणि या दोघांच्या मधल्या फटीत डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती थोपटायची. तो बंद आवाज कुणाला वेगळा ऐकू येत नाही, पण काढून टाकला की सगळं लंगडं. तबल्यातले भरीचे बोल जसे. किंग मूळचा ड्रमर, हे वाचलं तेव्हा कुठे उलगडा झाला. मला शेवटपर्यंत निम्म्या वेगातच जमलं. नवरानवरी निम्म्या वेगात नाचली, कुणाची तक्रार आली नाही.

म्हापशाहून

मी भांडतो. होल्ड्सवर्थ फार मोठा, मान्य. सॉफ्ट मशीन बँडमधला, ड्रमर टोनी विल्यम्सबरोबरचा होल्ड्सवर्थ मी तासन्‌तास ऐकलाय. पण इथे? दशावताराला लयकारीसाठी गाजलेल्या खाप्रूमामांना तबल्यावर बसवल्यासारखं झालं. राक्षस येऊन उभा आहे, लोक टाळ्या वाजवतायत आणि मामा पावणेदोनपट करतायत. गाण्याला ते लागत नव्हतं.

फोंडेकर

म्हापसेकर, हसून खोकला आला. पण एक विसरताय. गॅरी हजबंड आधीपासून होल्ड्सवर्थचाच ड्रमर होता, त्याच्या आयओयू बँडचा. ओळखीतूनच बोलावणं गेलं असणार, असा माझा अंदाज. मित्र गेल्यावर त्याच्या जागी परका बसवण्यापेक्षा घरातला बरा.

साखळीची लेक

मला यातलं शास्त्र कळत नाही, एकच प्रसंग सांगते. आमचे बाबा भजनात पेटी वाजवायचे. इंग्रजी गाणी लागली की दार लोटून घ्यायचे. एकदा भावाने 'गॅरंटीड' लावली होती आणि बाबा चहाची कपबशी घेऊन दारातच थांबले. बशीतला चहा निवला. मग विचारलं, "हे वाद्य कुठलं रे?"

"गिटार."

"नाही. गिटारीला टोचा असतो. हा माणूस फुंकतोय."

भाऊ हसला होता. पण बाबांचं बरोबर होतं. होल्ड्सवर्थला आधी सॅक्सोफोनच हवा होता, हातात आली गिटार. मग त्याने तिचा टोचाच घालवला. एकदा छेडायचं आणि पुढचे कितीतरी सूर डाव्या हाताच्या बोटांनीच काढायचे, म्हणजे सूर तुटत नाही. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते परत तो बँड ऐकायला बसले असंही नाही. चहा मात्र दुसरा मागितला.

वास्कोचा तारवटी

बाबांना नमस्कार. आणि म्हापसेकरांसाठी, होल्ड्सवर्थ या देवमाणसाने बिअरला छान फेस यावा म्हणून एक उपकरणही बनवलं होतं. आपल्या गोव्यात शोभला असता.

डिचोली, वय २९

मी सगळ्यात उलटी आले. १५ एप्रिल २०१७ला होल्ड्सवर्थ गेला, सत्तर वर्षांचा. अंत्यसंस्कारासाठी घरच्यांकडे पैसे नव्हते, चाहत्यांनी वर्गणी काढली. हवे होते वीस हजार डॉलर, जमले लाखाच्या वर. ती बातमी वाचून मी त्याचं वाजवणं शोधायला लागले आणि तिथून या बँडपर्यंत पोचले. म्हणजे माझ्यासाठी होल्ड्सवर्थ यजमान आणि लेव्हल ४२ पाहुणे.

आणि काका, बँड 'मोडला' म्हणताय, पण त्याच नावाने मार्क किंग पुढे वाजवायला लागलाच की.

फोंडेकर

पोरी, नाव आहे, बँड नाही. गूल्ड बंधूंशिवाय मी त्याला बँड म्हणत नाही. बून २०१९ला गेला, गाण्यांचे बरेचसे शब्द त्याचे होते. कीबोर्डवाला मायक लिंडप परत गेला हे मान्य, त्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजासाठी मी अधूनमधून ऐकतो. चोरून.

कॅसेट तेवढी अजून लावलेली नाही. टेप चिकटलीय, पेन्सिल घालून दोन आटे फिरवले तर करकरली. भीती वाटते.

वास्कोचा तारवटी

फिरवू नकोस! माझा डेक चालू आहे, गेल्या महिन्यात नवा पट्टा घातला. रविवारी घेऊन ये, आधी कापूस आणि स्पिरिटने पुसू. पण कव्हरचा विषय वाड्यावर काढायचा नाही.