मदत हवी आहे: ग्वाल्हेरची बारा बोअर दोनाली पुण्यातल्या मुलाच्या नावावर कशी करायची?

लष्करवाला:
वडील वय ७४, राहणार ग्वाल्हेरचा लष्कर भाग. बारा बोअरची दोनाली (दोन नळ्यांची बंदूक), ३१ वर्षांपासून त्यांच्याकडे. परवाना ग्वाल्हेर कलेक्टर कार्यालयाचा, क्षेत्र फक्त मध्य प्रदेश. मुलगा पुणे शहराचा कायमचा रहिवासी, परवाना नाही. मुलगी बडोद्याला. वडिलांना हयातीतच बंदूक मुलाला द्यायची आहे. त्यांचाच परवाना मुलाच्या नावावर होतो का? बक्षीसपत्र चालेल का? दसऱ्याच्या शस्त्रपूजेला मुलगा येतो, तेव्हा परतताना गाडीतून नेली तर?

नळीदार:
शेवटचं आधी. नेऊ नका, एका दिवसासाठीही नाही. विनापरवाना बंदूक ताब्यात सापडली की शस्त्र कायद्याचं कलम २५(१-ब) लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून त्यात किमान २, कमाल ५ वर्षं कैद आहे. वडील शेजारी बसले तरी महाराष्ट्राची हद्द लागली की त्यांचं पुस्तक (परवाना) चालत नाही. म्हणजे दोघंही अडकणार.

बक्षीसपत्राने बंदुकीचा ताबा कायदेशीर होत नाही. परवाना माणसाचा असतो, बंदूक त्यावर चढते आणि उतरते. त्यामुळे वडिलांचा परवाना मुलाचा होणार नाही. मुलाने स्वतःचा काढायचा.

तुमच्यासाठी चांगली गोष्ट म्हणजे शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच वारस नेमून देऊ शकतो. वडील दोन्हींत बसतात. या वाटेने गेलं की जिवाला धोका असल्याचं कारण सिद्ध करत बसावं लागत नाही. मात्र मुलाची पात्रता आणि पोलिस अहवाल स्वच्छ हवा. नव्याने सर्वसाधारण अर्ज टाकण्याची चूक पुष्कळजण करतात आणि तिथेच नाकारले जातात.

अर्ज मुलगा राहतो तिथे, म्हणजे पुणे पोलिस आयुक्तालयात, नमुना ए-१ मध्ये. सोबत वडिलांचं वारस नेमल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यांच्या परवान्याची यूआयएन (परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) सह प्रत, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, एस-३ नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक कुलपात ठेवण्याची हमी. नियमाप्रमाणे पोलिस अहवालाला ३० दिवस, तो आल्यावर निर्णयाला ६० दिवस. वेळ मोडतो तो वडिलांच्या परवान्याची ग्वाल्हेरकडून खातरजमा होण्यात. त्यासाठी पुण्याहून ग्वाल्हेरला जाणाऱ्या पत्राचा जावक क्रमांक पुण्यातून घ्या आणि ग्वाल्हेरच्या शस्त्र शाखेत स्वतः जाऊन तो दाखवा.

वडिलांच्या बाजूने कलम ५(२): कोणाला देणार त्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला कळवायचं आणि त्यानंतर पूर्ण ४५ दिवस थांबायचं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ती पोच नसेल तर ४५ दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही.

दस्ता:
एक गोष्ट आजच करा. बंदूक उघडून नळ्या वेगळ्या काढा आणि नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचा नंबर भिंगाने वाचा. मग परवान्यातला नंबर एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित पुस्तकांतून संगणकावर चढवताना १ चा ७ झालेला असतो, किंवा नंबरापुढचं अक्षर गळलेलं असतं. फरक असेल तर दुरुस्ती ग्वाल्हेरलाच होते, आणि ती पुण्याच्या अर्जाआधी व्हायला हवी. पडताळणीत नंबर जुळला नाही तर ती बंदूक परवान्याबाहेरची समजली जाते. खुलासा करता करता महिने जातात.

लष्करवाला:
नंबर बघतो. मधल्या काळात वडिलांचं काही बरंवाईट झालं तर? आणि बडोद्याच्या बहिणीची सही लागेल का?

नळीदार:
तसं झालं तर त्याच क्षणापासून घरात बंदूक ठेवणं बेकायदा. कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. अर्ज मग मृत्यूनंतरच्या वारसाचा होतो आणि बाकी वारसांची ना-हरकत मागतात. बहिणीचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून फायलीत लावा. वडिलांच्या परवान्याची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण. मध्येच परवाना संपला तर सगळं नव्याने. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवे परवाने थांबतात, हे धरूनच तारखा आखा.

दस्ता:
मुलाचं पुस्तक हातात आल्यावर त्यातला क्षेत्राचा रकाना वाचा. फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल तर ग्वाल्हेरहून निघण्याआधी दोन्ही कार्यालयांची लेखी वाहतूक परवानगी घ्या. झेलम एक्सप्रेसने न्या नाहीतर गाडीने, बंदूक रिकामी, नळ्या आणि दस्ता (लाकडी मूठ) वेगळे, बंद पेटीत. काडतुसं दुसऱ्या कुलपात. पुण्यात पोचल्यावर दिलेल्या मुदतीत तपासणीला दाखवा आणि ग्वाल्हेरला वडिलांच्या पुस्तकातली नोंद उतरवून घ्या, नाहीतर एकच बंदूक दोन परवान्यांवर दिसते.

जमा करायची वेळ आली तर नळ्यांतून आधी कोरडं फडकं, मग बंदुकीच्या तेलाचा पातळ हात. चामड्याच्या कव्हरात मुळीच ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि नळीला आतून गंज चढतो. सुती कापडात गुंडाळा, पावतीवर नंबर आणि नळ्यांची अवस्था लिहून घ्या, जमा करतानाचा फोटो जवळ ठेवा.