'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मधुमेहींसाठी मराठीत माहितीपत्रक करते आहे. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ला 'ऑक्सिडीकारक ताण' लिहिलं. मावशीला वाचायला दिलं, तर म्हणाली, "मला गं कसला ताण? दोन्ही मुलं मार्गी लागली!"

– मावशींचं बरोबर आहे. ताण म्हटलं की टेन्शनच आठवतं. भौतिकशास्त्रात 'स्ट्रेस'ला 'प्रतिबल' म्हणतात, पण तो पुलाच्या तुळईला शोभतो, पेशीला नाही. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५मध्ये ही कल्पना मांडली ती तोल ढळण्याची : ऑक्सिडीकरण करणारे रेणू वाढतात, त्यांना आवरणारी यंत्रणा अपुरी पडते. म्हणून 'ऑक्सिडीकरणाचा असमतोल'.

– फार सरकारी वाटतं हो. सरळ 'पेशींना गंज चढणे' म्हणा की.

– एकदा उपमा म्हणून ठीक. पण लोखंड स्वतःचा गंज स्वतः काढत नाही, पेशी काढते. ते काम विकरांचं (एन्झाइम्सचं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचं), आणि मधुमेहात खरी गोम तिथेच आहे. रक्तात साखर फार झाली की तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली ऊर्जाघरं) सुपरऑक्साइड हा ऑक्सिडीकरण करणारा रेणू जास्त तयार होतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरं त्याचं पाणी करतात. (जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो ना, ती कॅटलेजची करामत.) साखर मात्र डिसम्युटेजलाच चिकटून त्याची धार बोथट करू शकते. आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत कॅटलेज मुळातच फार कमी असतं.

प्रश्नकर्ती : मग या तिघांना एकत्र काय म्हणू? 'प्रतिऑक्सिडीकारक विकरे' म्हणताना माझीच जीभ अडखळते.

– 'अँटिऑक्सिडंट' ठेवा, ग्रीन टीच्या पाकिटावर वाचून सगळ्यांना पाठ आहे.

– म्हणूनच नको! वाचणारा लगेच चहा नाहीतर गोळ्या शोधेल. ही विकरं शरीर स्वतः घडवतं. आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप या मोठ्या वैद्यकीय चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या, म्हणजे अँटिऑक्सिडंटच्याच, गोळ्यांनी हृदयविकार काही कमी झाला नव्हता. त्यात मधुमेहीही बरेच होते. 'ऑक्सिडीकरणरोधक विकरे' लिहा, तिघांची नावं आहेत तशीच राहू देत.

प्रश्नकर्ती : 'असमतोल' आणि 'रोधक विकरे' घेते. गंज पहिल्या परिच्छेदात एकदाच. मावशीला पुन्हा वाचायला देते.