शब्दचर्चा: ‘मालप्रॅक्टिस लायबिलिटी’ची वाटणी

विचारणा: अमेरिकी आरोग्यविम्यावरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. डॉक्टर आणि मॅनेज्ड केअर कंपनी (एचएमओ, म्हणजे विमाही देणारी आणि ठरलेल्या डॉक्टरांकडून उपचारही पुरवणारी कंपनी) यांच्यातल्या ‘मालप्रॅक्टिस लायबिलिटी शेअरिंग’ला ‘वैद्यकीय गैरप्रकाराच्या जबाबदारीची वाटणी’ चालेल का?

प्रतिसाद १: ‘गैरप्रकार’ नको, त्याला लबाडीचा वास आहे. ‘वैद्यकीय हयगय’ किंवा ‘निष्काळजीपणा’ घ्या. ‘वाटणी’ कोणती, ते आधी मूळ लेखात बघा. ‘जॉइंट अँड सेव्हरल’ असेल तर ‘संयुक्त व पृथक दायित्व’. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना ते नीट ठाऊक असतं. समजा भरपाई १० लाख डॉलर, आणि ज्यूरीने डॉक्टरचा दोष ७० टक्के, कंपनीचा ३० टक्के धरला. संयुक्त व पृथक असेल तर रुग्ण सगळे १० लाख एकट्या डॉक्टरकडून वसूल करू शकतो. मग डॉक्टरने कंपनीकडे ३ लाखांचं ‘अंशदान’ मागायचं. नुसतं पृथक असेल तर ज्याने त्याने आपला वाटा द्यायचा, आणि एकाचं दिवाळं निघालं तर तेवढी रक्कम रुग्णाची बुडाली. कॅलिफोर्नियात १९८६ पासून एकाच निकालात दोन्ही चालतं: दवाखान्याची बिलं आणि बुडालेली मिळकत संयुक्त, वेदना-मनस्तापाची भरपाई पृथक.

प्रतिसाद २: ‘इंडेम्निटी’ला ‘क्षतिपूर्ती’. अंशदान आणि क्षतिपूर्ती यांची सरमिसळ करू नका. अंशदानात वाट्यापुरतं मिळतं. क्षतिपूर्तीत करारानुसार अख्खा बोजा दुसऱ्यावर जातो. ‘आमच्यावर दावा आला तर तुम्ही भरा’ असं कलम कंपन्या डॉक्टरांच्या करारात घालत. खरी गोम पुढे आहे: डॉक्टरच्या व्यवसाय-विम्यातून करारान्वये अंगावर घेतलेलं दायित्व बहुधा वगळलेलं असतं, म्हणजे ते पैसे खिशातून. टेक्सासने १९९७ च्या कायद्यात अशा कलमांना मनाई केली.

प्रतिसाद ३: ‘व्हायकेरियस लायबिलिटी’ला, म्हणजे आपल्या माणसाच्या चुकीबद्दल आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीला, ‘प्रातिनिधिक दायित्व’ रूढ आहे. डॉक्टर पगारी असेल तर ते सरळ लागतं. नुसता यादीवरचा स्वतंत्र डॉक्टर असेल तर ‘ऑस्टेन्सिबल एजन्सी’ सिद्ध करावी लागते, म्हणजे हा कंपनीचाच माणूस असं रुग्णाला वाटावं असं कंपनीचं वागणं होतं. मी ‘भासमान प्रतिनिधित्व’ लिहितो. आणि वाचकाच्या सोयीसाठी एचएमओला ‘टीपीए’ (थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) म्हणायचा मोह टाळा. आपल्याकडचा टीपीए विमा कंपनीसाठी दावे हाताळतो, जोखीम स्वतः घेत नाही, एचएमओ घेते.

विचारणा: आभार. लेखात ‘डिनायल ऑफ केअर’ही वारंवार आहे. ‘उपचार नाकारणे’ लिहिलंय.

प्रतिसाद २: तिथे थांबा! कंपनीचा बचाव नेमका हाच असतो की आम्ही उपचार नाकारले नाहीत, खर्चाची मंजुरी नाकारली. कॅलिफोर्नियातल्या विकलाइन खटल्यात (१९८६) डॉक्टरने ८ दिवसांचा वाढीव मुक्काम मागितला, मेडी-कॅलने (गरिबांसाठीची तिथली सरकारी आरोग्य योजना) ४ दिले, पुढे रुग्णाचा पाय कापावा लागला. अपील न्यायालयाने मेडी-कॅलला सोडलं: घरी सोडण्याचा निर्णय डॉक्टरांचा, आणि विरोध न नोंदवता मंजुरीपुढे मान तुकवणाऱ्या डॉक्टरला जबाबदारी झटकता येत नाही. पण मंजुरीच्या पद्धतीतच दोष असेल तर पैसे देणाऱ्यावरही दायित्व येऊ शकतं, हेही त्याच निकालात आहे.

प्रतिसाद १: शिवाय विमा खासगी नोकरीतून मिळालेला असेल तर नोकरीतून मिळणाऱ्या लाभ-योजनांसाठीचा १९७४ चा केंद्रीय ‘एरिसा’ कायदा आडवा येतो. २००४ च्या डाव्हिला निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी नाकारल्याबद्दलचे टेक्सासच्या कायद्याखालचे दावे एरिसाखाली ढकलले. तिथे नाकारलेला लाभ किंवा त्याची किंमत मिळते. बिघडलेल्या प्रकृतीची भरपाई नाही. सरकारी नोकरांच्या आणि चर्चच्या योजना सहसा एरिसाबाहेर, स्वतः विकत घेतलेला विमाही बाहेर. तेव्हा प्रत्येक ‘डिनायल’पाशी बघा: डॉक्टरने उपचार केले नाहीत की कंपनीने मंजुरी दिली नाही? पहिल्याला ‘उपचार न करणे’, दुसऱ्याला ‘मंजुरी नाकारणे’.