मोठ्या मुलांना हात धुवायची सवय लावायची कशी?

नीलपंख:
नमस्कार, माझ्याकडे एका वसतिगृहाची जबाबदारी आहे, सगळी १८ ते २३ वयाची मुलंमुली. मागच्या महिन्यात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि चार दिवसात अख्खा मजला आडवा. तेव्हापासून सांगून सांगून थकले, पण टॉयलेटमधून बाहेर येतात, नळाखाली दोन बोटं ओली करतात, पँटला पुसतात की लगेच मोबाईल हातात. लहान असती तर शेजारी उभं राहून धुवून घेतले असते, पण या वयात कसं करणार? आणि माहीत नाही असं पण नाही, हात का धुवायचे विचारलं तर घडाघडा सांगतात. मग अडतं कुठे? कोणी काही करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.

साधंपाणी:
ताई, माहिती असून करत नाहीत म्हणजे अजून माहिती देऊन काही होणार नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधे एक अभ्यास झाला होता, हायवेवरच्या स्वच्छतागृहांच्या दारात स्क्रीनवर वेगवेगळे संदेश दाखवायचे आणि साबण किती जण वापरतात ते सेन्सरने मोजायचं. पुरुषांमधे फक्त ३२ टक्के साबण वापरत होते, बायकांमधे ६४. पुरुषांवर किळस वाटेल अशा संदेशांचा परिणाम झाला, बायकांवर साध्या आठवणीचा, पण सगळ्यात भारी चालला तो एक प्रश्न: तुमच्या शेजारचा माणूस साबणाने हात धुतोय का? म्हणजे कोणीतरी बघतंय एवढं वाटलं तरी हात साबणाकडे जातो. शक्य असेल तर बेसिन टॉयलेटच्या आत कोपऱ्यात नको, बाहेर सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर घ्या.

उनाडवारा:
मी स्वतः २० चा आहे म्हणून आमची बाजू सांगतो. आमच्याकडे चार बेसिनना मिळून एक साबणाची वडी होती, ती पण पाण्यात पडून गिळगिळीत झालेली, तिला हात लावायचीच किळस यायची. मग आम्ही वर्गणी काढून प्रत्येक बेसिनला पंपाची बाटली ठेवली आणि संपायच्या आत भरायची पाळी लावली, कोणी कोणाला लेक्चर दिलं नाही तरी धुवायला लागले सगळे. हात पुसायला पण काहीतरी ठेवा, कारण ओल्या हातांवरून जंतू जास्त पसरतात आणि पुसायला काही नसलं की पँट आहेच. सगळ्यांचा मिळून एक टॉवेल मात्र नको. आणि प्लीज वर सूचनांचा मोठा कागद चिकटवू नका, तो कोणी वाचत नाही.

पांढराकोट:
मी हॉस्पिटलमधे काम करते. साथ एवढ्या झपाट्याने पसरली म्हणजे नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) असू शकतो, आणि त्याच्यावर सॅनिटायझर नीट चालत नाही हे मुलांना आवर्जून सांगा, कारण बऱ्याच जणांना वाटतं सॅनिटायझर चोळला म्हणजे झालं. साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे. गार पाणी चालतं, साधा साबण चालतो, अँटीबॅक्टेरियलची गरज नाही. फक्त फेस करून २० सेकंद चोळायचं, अंगठे आणि नखांच्या कडा हमखास राहतात तिथे लक्ष द्यायचं. ज्याला उलट्या-जुलाब झालेत त्याने बरं वाटल्यावर पण निदान २ दिवस दुसऱ्यांसाठी काही खायला करायचं नाही, वाढायचं पण नाही. आणि मोबाईल टॉयलेटमधे नेऊच नका म्हणा, नाहीतर हात कितीही धुतले तरी पुढच्या मिनिटाला तोच फोन हातात येतो.

नीलपंख:
सगळ्यांचे मनापासून आभार. @उनाडवारा, खरं सांगू का, साबणाचं मी बघितलंच नव्हतं, आत्ता जाऊन आले तर तीन बेसिनवर साबणच नाही आणि मी मुलांना बोलत होते. उद्याच बाटल्या आणते, पाळीचं मुलांनाच ठरवू दे. आणि तो शेजारच्या माणसाचा प्रश्न आरशावरच लिहून घेते. @पांढराकोट, सॅनिटायझरचं तर मलाच माहीत नव्हतं हो, साथीत मी तोच वाटत फिरत होते. दोन आठवड्यांनी काय फरक पडला ते इथेच लिहीन.