कसोटीत आपण अजून वजा तीनवर का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०४: मंडळी, आज ऑफिसात एकाने डिवचलं. म्हणे, १९३२ पासून कसोटी खेळताय आणि अजून जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्याच जास्त. आकडे काढले तर खरंच निघालं. २०२५ अखेर भारताच्या ५९८ कसोट्या, १८५ विजय, १८८ पराभव. एवढं सगळं करून वजा तीन?

ए-१०२: आणि उरलेल्या?

बी-२०४: २२४ अनिर्णित, एक टाय, म्हणजे दोन्ही संघांच्या धावा सारख्याच.

सी-६०१: टाय मद्रासची, १९८६, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मणिंदर पायचीत आणि संपलं. एक धाव हवी होती हो फक्त.

डी-५०३: बी-२०४, त्याला वेस्ट इंडिजचा हिशेब दाखव. एकूण १०२ कसोट्या, आपण २५ जिंकलो, ते ३०. म्हणजे आपण मागे. पण विंडीजकडून आपण शेवटची कसोटी हरलो २००२ साली! त्यानंतर एकही नाही. तरी अजून पाचने मागेच, कारण १९४८ ते १९६७ या काळात त्यांच्याशी २३ कसोट्या झाल्या आणि आपण एकही जिंकलो नाही. १२ हरलो, ११ कशाबशा वाचवल्या. ते जुनं देणं आपण अजून फेडतोय.

सी-६०१: १९६२ चा दौरा विसरू नका. ५-० हरलो. बार्बाडोसच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला, जीव वाचला हेच खूप. आणि २१ वर्षांच्या पतौडीच्या गळ्यात कप्तानी पडली. तेव्हा हेल्मेट कुठलं? अशा संघाने अनिर्णित ठेवलेला सामनासुद्धा कमाईच होती.

बी-२०४: अण्णा, पटलं. पण आताची विंडीज पहिल्यासारखी राहिलीय कुठे? दुबळ्या संघाला हरवून जुने हिशेब मिटतात का?

डी-५०३: प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी २००२ नंतरच्या विजयांचं फार कौतुक करत नाही. माझ्या लेखी विंडीजविरुद्धचा खरा आकडा १९७१ चा. पाच कसोट्यांची मालिका, विजय एकच, पोर्ट ऑफ स्पेनला. पण त्यांच्या घरी जाऊन मालिका १-० घेतली. वाडेकर कप्तान, सरदेसाईच्या ६४२ धावा आणि नवख्या गावसकरच्या चार कसोट्यांत ७७४. एकूण तक्त्यात तो विजय एकच मोजला जातो, २०२५ मध्ये अहमदाबादला मिळवलेल्या विजयाइतकाच. तक्ता इथेच फसवतो.

सी-६०१: आणि त्याच वर्षी ओव्हल! चंद्राचे, म्हणजे चंद्रशेखरचे, ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड १०१ वर गारद. आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो.

ई-३०१: गेट नं. २ समोर पांढरी गाडी कुणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलं आहे, काढतील. क्रिकेटवाल्यांनो, चालू द्या.

एफ-७०२: मी अण्णांसारखा हळवा होणार नाही. सगळा दोष जुन्या काळावर ढकलू नका. २०११ ला इंग्लंडमध्ये ४-०. लगेच ऑस्ट्रेलियात ४-०. २०१४ ला इंग्लंडमध्ये ३-१, २०१८ ला ४-१. तेव्हा संघात दिग्गज होते, बोर्डाकडे पैसा होता, सगळं होतं. इंग्लंडविरुद्ध ३७ विजय आणि ५३ पराभव आहेत, त्यातले इंग्लंडमधले हे ११ पराभव अगदी अलीकडचे.

डी-५०३: यावर माझ्याकडे उत्तर नाही असं समजू नका 🙂 तुमचं म्हणणं खरंच आहे. परदेशातले पराभव फक्त हजारे-उमरीगरांच्या काळातले नाहीत. पण त्याच्या पुढचं पान उलटा. ऑस्ट्रेलियात पहिली मालिका जिंकायला १९४७-४८ पासून २०१८-१९ पर्यंत थांबावं लागलं, आशिया खंडातला तोवर कुठलाच संघ जिंकला नव्हता. पुजाराच्या ५२१ धावा, मेलबर्नला बुमराचे ३३ धावांत ६. आणि दोनच वर्षांनी ॲडलेडला ३६ वर ऑलआउट झालेला संघ अजिंक्य रहाणेच्या हाताखाली मालिका जिंकून आला. ब्रिस्बेनच्या गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता. तिथे ३२८ चा पाठलाग, निम्मे गोलंदाज जायबंदी, पंत नाबाद ८९.

बी-२०४: तो दिवस आठवतोय काका, आम्ही जिन्यात ओरडत होतो.

एफ-७०२: मान्य. पण ऑस्ट्रेलियात २०२४-२५ ला पुन्हा ३-१.

डी-५०३: हो, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये २-२. एजबॅस्टनला तोवर आठ कसोट्या, सात पराभव, एक अनिर्णित. तिथे गिलने २६९ आणि १६१ केल्या, आकाश दीपने दहा बळी घेतले आणि ३३६ धावांनी जिंकलो, तेही बुमराशिवाय. ओव्हलला सहा धावांनी! २०११ चा संघ आणि हा संघ एकाच रांगेत बसवू नका एवढंच.

ए-१०२: सगळं वाचतेय. एक शंका. पाकिस्तानशी कसोटीत आपण कुठे आहोत? त्याची कुणी चर्चाच करत नाही.

डी-५०३: ताई, ५९ कसोट्या, आपले ९ विजय, त्यांचे १२, आणि तब्बल ३८ अनिर्णित. १९५४-५५ ला पाचही अनिर्णित, १९६०-६१ ला परत पाचही. जिंकण्यापेक्षा हरायचं नाही, ही दोन्हीकडची भीती होती. शेवटची कसोटी डिसेंबर २००७ ला बंगळुरूत झाली, त्यामुळे हा हिशेब तिथेच गोठलाय. आजचे दोन्ही संघ त्यात नाहीतच.

सी-६०१: वनडेतही तसंच. वर्ल्ड कपमध्ये आपण ८-०, पण एकूण वनडे त्यांनीच जास्त जिंकल्यात, ७३ विरुद्ध ५८. शारजाची ती वर्षं. मियांदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ए-१०२: आणि मुलींचं कुणीच बोलत नाही! डिसेंबर २०२३, डी. वाय. पाटीलवर इंग्लंडला ३४७ धावांनी हरवलं, महिला कसोटीतला धावांनी मिळवलेला तो सगळ्यात मोठा विजय. पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला आठ गड्यांनी, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीत तो आपला पहिलाच विजय. ऑफिसातल्या त्या माणसाला हेही सांगा.

बी-२०४: नक्की सांगतो ताई.

डी-५०३: ताई, बरोबर टोकलंत. त्यांना कसोट्याच इतक्या कमी मिळतात की तक्ता भरायचा कसा? जास्त मिळायला हव्यात, हे माझं ठाम मत आहे.

आता मूळ वजा तीनकडे येतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईला बांगलादेशला हरवलं तेव्हा आपण १७९ विजय आणि १७८ पराभव असे झालो. १९३२ पासून पहिल्यांदाच विजय पराभवांच्या पुढे गेले! अश्विनचं घरच्या मैदानावर शतक आणि दुसऱ्या डावात सहा बळी. ज्या देशाने पहिला विजय पंचविसाव्या कसोटीत पाहिला (१९५२, मद्रास, विनू मंकडचे १२ बळी), त्याच्यासाठी तो केवढा मोठा दिवस होता! फारशी बातमीही झाली नाही.

एफ-७०२: आणि मग न्यूझीलंड आलं.

डी-५०३: आलं. बंगळुरूत ४६ ऑलआउट, घरच्या मैदानावरची आपली नीचांकी धावसंख्या. पुण्याजवळ गहुंज्यात सँटनरचे १३ बळी, तिथे विजय-पराभव समसमान झाले. वानखेडेवर १४७ चं लक्ष्य असताना १२१ वर बाद, मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलचे ११ बळी, आणि आपण पुन्हा मागे. सलग १८ मायदेशी मालिका जिंकलेला संघ ३-० हरला. वर्षभराने दक्षिण आफ्रिका. कोलकात्यात १२४ करायच्या होत्या, ९३ वर गुंडाळलं. गुवाहाटीत ४०८ धावांनी, धावांच्या हिशेबात आपला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव.

मला गॅबा किंवा एजबॅस्टनची काळजी नाही. काळजी घरची आहे. वळणारी खेळपट्टी आपण आपल्या फिरकीसाठी बनवतो आणि सँटनर, दक्षिण आफ्रिकेचा हार्मर तिच्यावर आपल्यापेक्षा सरस टाकून जातात. गहुंज्यातच २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा काढले होते, तेव्हाच कान टवकारायला हवे होते. फिरकीवर पाय वापरणारे फलंदाज रणजीतून येत नाहीत, कारण तिथे पाटा खेळपट्ट्या नाहीतर वेगवान गोलंदाजांना हिरवळ. वजा तीनपेक्षा हे मला जास्त बोचतं.

बी-२०४: मग त्याला नेमकं काय सांगू?

डी-५०३: सांग की वजा तीन बरोबर आहे. पण त्याला विचार, कुठल्या देशात जाऊन आपण एकही मालिका जिंकलेलो नाही.

बी-२०४: दक्षिण आफ्रिका?

डी-५०३: हो. १९९२-९३ पासून जातोय. जोहान्सबर्ग २००६, डरबन २०१०, सेंच्युरियन २०२१, केपटाउन २०२४, सामने जिंकलो. केपटाउनला तर सिराजने १५ धावांत ६ घेऊन त्यांना ५५ वर उडवलं. मालिका मात्र जास्तीत जास्त बरोबरीत. ती जिंकली की एकूण आकडा काही असो, मी पहिले पेढे वाटणार.

सी-६०१: मला घरी आणून द्या, मजले चढवत नाहीत हो.